पाठीमागचा ढोल

बस पोरी. त्या खुर्चीवर नगं, तिचा पाय मोडलाय. हितं घोंगड्यावर बस. दवाखान्याकडनं आनलेले त्ये तुजे प्रश्नांचे कागद आन् पेन जरा बाजूला ठेव. समदी उत्तरं देतो, पळून जात न्हाई. गुडघे कुठं ऱ्हायल्यात पळायला! पन तू दारात उभी ऱ्हाऊनच पैला प्रश्न टाकलास न्हवं, "आजोबा, छातीत धडधड होते का?" म्हनून? त्येचं उत्तर द्यायच्या आधी तुला एक गोष्ट सांगतो. हाच प्रश्न आमाला मागं एकदा इचारून झालाय. त्येचं काय झालं ते ऐक, मग ठरीव कागदावर काय लिवायचं ते.

मी भैरू आवळे. आता ह्यो आसा चिपाडावानी दिसतोय, पन एके काळी नवजीवन बॅंडपार्टीचा मोठा ढोल माझ्या गळ्यात आसायचा. जत भागातलं लगीन आन् आमचा बॅंड न्हाई, आसं व्हायचं न्हाई. आन् आमच्या बॅंडाचा जीव म्हंजे सिद्राम जावीर. सिदूमास्तर. ट्रंपेट वाजवायचा. अंगानं काडी, मिशी काळी केलेली, आन् गाल फुगवले की आक्षी लिंबाएवढे. त्येनं नवरीच्या पाठवनीचं गानं धरलं की नवरदेवाकडची मानसंबी डोळं पुसायची. त्येंचं काय जात हुतं? पोरगी तर त्येंच्याच घरी येनार हुती! तरी पुसायची.

आता बॅंडात कुनी कुठं उभं ऱ्हायचं ते ठरल्यालं आसतं. मास्तर पुढं, आन् त्येच्या थेट पाठीमागं मोठा ढोल. का सांग? वरातीत फटाके, पोरांच्या शिट्ट्या, बायकांचा गलका. कानाला ताल लागत न्हाई. मागं वळून बगायला मिळत न्हाई. म्हनून मास्तरनं ताल पाठीनं घ्यायचा. ढोलाचा ठोका हवेतनं पाठीत बसतो, पाठीतनं छातीत उतरतो, आन् मास्तर त्येच्यावर फुकतो. एकदा मला ताप आला म्हनून अण्णानं दुसऱ्या कुनाच्या गळ्यात ढोल घातला, तर मास्तरनं निम्म्या वरातीत ट्रंपेट काखेत मारलं. अण्णा म्हंजे आमचा मालक, अण्णा ऐनापुरे. त्यो वराडला, "मास्तर, काय झालं?"

मास्तर म्हनला, "माझ्या पाठीला ह्यो मानूस चालत न्हाई. भैऱ्याला आना."

तापात उठून गेलो मी. काय करनार? आसा त्यो मानूस.

तर त्या वर्सी आषाढ लागला आन् लग्नं थांबली. आषाढ-श्रावनात आमी समदे अण्णाच्या जुन्या गिरनीत बसायचो. तितंच बॅंडाचं सामान आसायचं. कुनी पितळ घासायचं, कुनी ड्रेसच्या गोंड्यांना सुई-दोरा करायचं. माझ्या ढोलाचं एक पान उंदरांनी खाल्लं हुतं. पान म्हंजे कातडं गं, ढोलाच्या दोन्ही अंगाला आसतं त्ये. एक खाल्लं म्हनून मी दुसरंबी सोडवलं, दोन्ही नवीच घालू म्हनून. तर ढोल कोपऱ्यात उघडा पडला हुता आन् मी त्येच्या कड्याला तेल लावत बसायचो.

एक दिवस सिदूची बायको, गवरावैनी, माझ्या घरी आली. उंबऱ्याच्या भाईरच उभी ऱ्हायली. म्हनली, "भावजी, ह्यांचं काय खरं न्हाई. रात झाली की आडवं पडवत न्हाई. भिताडाला टेकून बसत्यात. घाम येतोय. इचारलं की म्हनत्यात, गप झोप, गरम हुतंय."

मी म्हनलं, "वैनी, डाक्टरकडं न्यायचं की मग."

"नेऊन बगा! डाक्टरचं नाव काढलं की ताट सोडून उठत्यात."

का उठायचा ते मला ठावं हुतं. आमच्यात हरिबा म्हनून एक हुता. मांडीवर घ्यावं लागतं त्ये मोठं पितळी बाजं वाजवायचा. त्येला डाक्टरनं सांगितलं, फुकनं बंद, फुफ्फुसं गेल्यात. तर अण्णानं त्येच्या हातात खुळखुळा दिला. पोटाला लावायचं म्हनून दिला, वाईट मनानं न्हाई. पन बॅंडात खुळखुळा म्हंजे काय सांगू तुला! ड्रेस तोच, टोपी तीच, आन् मानूस एकदम कडंला. लग्नातली पोरं त्येचा खुळखुळा हिसकावून घेऊन पळायची, आन् हरिबा मागनं "आरं द्या रं" करत फिरायचा. मास्तर हे बगायचा. एकदा च्या पिताना मला म्हनला, "भैऱ्या, माझ्या हातात खुळखुळा दिसला तर त्या दिवशी मला हिरीत ढकल."

म्हनून वैनीला मी म्हनलं, "आवगड हाय."

वैनी म्हनली, "त्येंना तुमीच सांगा, त्ये तुमचं ऐकत्यात. मला कुंकवापरीस काय नगं बगा."

आता आलं का ध्यानात, आडलं कुठं हुतं ते? त्येला छातीचं दुखनं हुतं आन् दुखन्यापरीस खुळखुळ्याचं भ्या जास्ती हुतं.

आन् नेमकं चार दिसांनी अण्णा नाचत आला. "आरं, मोठ्या दवाखान्याच्या कॉलेजातली मानसं येनार हायती! बॅंडवाल्यांची तपासनी करायला! फुकट!"

मला वाटलं देवच पावला. वैनीला जाऊन सांगितलं, मास्तरनं डाक्टरकडं जायची गरज न्हाई, डाक्टरच मास्तरकडं येतोय. वैनीनं त्या दिवशी मारुतीला नारळ फोडला.

आली ती एक जीप. जीपमधनं उतरली एक मॅडम. मृदुला नाव. तुज्यापरीस चार-पाच वर्सांनी मोठी आसंल. गळ्यात नळी न्हाई, सुई न्हाई, काय न्हाई. हातात कागदांचा गठ्ठा. सतरंजीवर मांडी घालून बसली, आमच्यातच. चांगली हुती पोरगी, खोटं कशाला बोलू. अण्णानं खुर्ची दिली तर म्हनली, "नको, मी खालीच बसते."

म्हनली, "आपल्याला आपल्या अंतर्गत संवेदनांची कितपत जाणीव असते, याचा आम्ही अभ्यास करतोय."

दस्तगीर मुलानी, आमचा क्लॅरोनेटवाला, लई वात्रट. त्यो म्हनला, "अंतर्गत म्हंजे काय हो मॅडम?"

"म्हणजे आतल्या. शरीराच्या आत काय चाललंय ते."

"आत काय चालनार? सकाळची भाकरी आसंल, ती चालत आसंल."

समदे हासले. तीबी हासली. म्हनली, "तेच विचारायचंय. मी प्रश्न वाचते, तुम्ही चारातलं एक सांगायचं. कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, कायम."

पैला दस्तगीरच बसला. मॅडमनं इचारलं, "पोट रिकामं असल्याची जाणीव तुम्हाला आतून होते का?"

"आतनं न्हाई, भाईरनं हुती. वऱ्हाडाची पंगत उठल्याबिगर आमाला बसवत न्हाईत. आमची भूक नवरीच्या बापाच्या हातात आसती."

"मग काय लिहू?"

"पंगत बघून लिवा."

"लघवीची जाणीव वेळेवर होते का?"

"वरात थांबली की हुती. वरात चालू आसताना व्हायची तिची टाप न्हाई!"

आगं, आमचं लोळायचं तेवडं बाकी हुतं. मग माझी पाळी आली. मला काय कळतच न्हवतं. हृदयाचे ठोके जाणवतात का? न्हाई. श्वास आत-बाहेर होताना लक्षात येतं का? न्हाई. मन अस्वस्थ झालं की शरीरात कुठं जाणवतं? आता मन आस्वस्थ झालं की मानसाला बिडी लागती, येवढंच मला ठावं. समद्याला "कधीच न्हाई, कधीच न्हाई" म्हनत गेलो. दस्तगीर म्हनला, "मॅडम, ह्यो त्येच्या ढोलावानीच हाय. आतनं मोकळा."

मग मास्तर. मी त्येच्या कानात सांगितलं, "खरं खरं सांग बरं का. वैनीनं शपथ घातलीया."

मास्तर म्हनला, "खोटं कशाला सांगू? लबाड हाय व्हय मी?"

त्यो बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यावर, फोटो काढायला बसावं तसा.

"शांत बसलेले असताना तुम्हाला तुमच्या हृदयाचे ठोके जाणवतात का?"

"कायम."

मॅडमनं मान वर केली. आमच्यात तवर कुनीच "कायम" म्हनला न्हवता.

"हात न लावता?"

"हात कशाला लावायचा? आत्ता जाणवतंय की. धाड, धाड." आन् माझ्याकडं मान करून हासला. "मागं भैऱ्या आसतोय न्हवं, ढोलवाला. वर्सानवर्सं त्यो माझ्या पाठीत ठोकतोय. त्येचा ढोल ऱ्हायलाय हितं छातीत. घरी गेलो तरी वाजतोय. झोपलो तरी वाजतोय."

समदे हासले. मला तर मूठभर मांस चढलं. आपला ढोल मानसाच्या छातीत ऱ्हातोय म्हंजे काय कमी हाय का!

"बरं. ठोके एकसारखे असतात, की कधी चुकल्यासारखे वाटतात?"

मास्तर म्हनला, "मधीच एक गाळतो त्यो."

"म्हणजे?"

"एक ठोका खातो, आन् मग दोन एकदम घालतो, घाईनं. भैऱ्या म्हातारा व्हायला लागलाय, दुसरं काय?"

मी तडकलो. तेलाचा बोळा फेकला. "ए मास्तर! कवा गाळला मी ठोका? सांग, कुठल्या लग्नात गाळला? माझा ठोका गळत न्हाई!"

"आरं, रागवतोस कशाला? गळतोय त्ये गळतोय. मी पाठीनं ऐकतोय, तुज्यापरीस मला ठावं."

"अण्णा, ह्येला सांगा! माझ्या ढोलाला नाव ठेवायचं काम न्हाई!"

अण्णा म्हनला, "गप बसा रं, मॅडमच्या म्होरं भांडता!" मॅडम बिचारी हासत हुती आन् लिवत हुती. भांडनात दोन-चार प्रश्न निघून गेले. मी काय ऐकलंच न्हाई, माझं डोकं फिरलेलं. मला शेवटचा तेवडा ध्यानात हाय.

"शरीर आतून जे सांगतं, त्याच्यावर तुमचा विश्वास असतो का?"

मास्तर म्हनला, "हाय की. पुरा हाय. जरा गाळतोय, पन शेवटी ढोल भैऱ्याचा हाय. त्येच्यावर इस्वास न्हाई तर कुनावर ठेवू?"

माझा राग निम्मा तितंच गेला. आसा त्यो मानूस.

कागद संपले. मॅडम गोळा करून उठली. अण्णा मागंच लागला, "कोन पास झालं?"

"पास-नापास काही नसतं हो यात."

"तरीबी. पैला नंबर कुनाचा?"

तिनं कागदं चाळली, आकडे मांडले. म्हनली, "तसं बघितलं तर मास्तरांचा. एवढी जाणीव असलेला माणूस आम्हाला अजून भेटला नव्हता."

टाळ्या वाजवल्या आमी. दस्तगीरनं क्लॅरोनेटवर एक तान मारली. मास्तर गालात हासत हुता, लाजलाबी हुता.

मी मॅडमच्या मागनं जीपपतुर गेलो. म्हनलं, "मॅडम, मास्तरला औषध काय?"

"औषध? काका, आम्ही डॉक्टर नाही. आम्ही तपासत नाही, विचारतो फक्त."

"पन दवाखान्याच्या कॉलेजातनं आला न्हवं?"

"कॉलेज तेच, पण आमचा विभाग वेगळा. का, त्यांना काही त्रास आहे का?"

मी तोंड उघडलं. म्हनलं, "रातच्याला जरा..." तवर मास्तर मागनं आला आन् माझ्या दंडाला धरलं. "काय न्हाई मॅडम. ह्येला समद्याचं दुखनं कळतं, सोताचं सोडून. कधीच न्हाई, कधीच न्हाई!" आन् माझी नक्कल करून हासला. मॅडमबी हासली. पन जीपमधी बसताना ती म्हनली हां, "मास्तर, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. वय झालं की दाखवावं."

मास्तर म्हनला, "तुमीच पैला नंबर दिला, आता डाक्टर काय वायलं सांगनार?"

जाताना समद्यांना एकेक स्टीलचा डबा दिला त्येंनी. झाकनाचा.

त्यो डबा घेऊन मीच गेलो वैनीकडं. वैनी चुलीपाशी हुती. लगबगीनं उठली, हात पदराला पुसत. "काय म्हनले डाक्टर?"

मी म्हनलं, "वैनी, पैला नंबर आला मास्तरचा!"

"नंबर कशाचा, भावजी? औषध काय दिलं?"

मी डबा पुढं केला. तिनं झाकन उघडून बगितलं. आत काय न्हवतं. परत झाकन लावलं आन् म्हनली, "डबा कुनी मागितला हुता?"

अण्णानं तर कहर केला. बॅंडाच्या गाडीच्या मागं पाटी रंगवून घेतली, "कॉलेजने तपासलेले मास्तर". सुपारी द्यायला मानसं आली की पैलं त्येच सांगायचा. मास्तरला कुनी म्हनलं, "रंग उतरलाय तुमचा, दवाखान्यात जावा," तर त्यो पाटीकडं बोट दावायचा. हासत हासत दावायचा. पन एकदा मी बगितलं, हरिबा खुळखुळे पुसून पेटीत ठेवत हुता, आन् मास्तर त्येच्याकडं बगत छाती चोळत हुता. मी बगितलेलं कळलं तसा हात खाली घेतला त्येनं.

मी बोललो त्येला. दोनदा-तीनदा बोललो. एकदा येष्टी स्टॅंडवर नेऊन बसवलाबी, मिरजंला न्यायचा म्हनून. गाडी लागली तसा म्हनला, "जरा तंबाखू घेऊन येतो," आन् गेला त्यो गेलाच. संध्याकाळी घरी जाऊन बगतोय तर अंगनात बसून ट्रंपेट घासतोय. म्हनला, "भैऱ्या, एक सांग. फुकनं सोडून मी काय करायचं? मला दुसरं काय येतंय?"

मी शेजारी बसून त्येच्यासंगं पितळ घासाय लागलो.

गनपतीला तालुक्यात समदीकडं डीजे आले हुते, आमाला कुनी बोलवलं न्हाई. तुळशीचं लगीन लागलं आन् पैली सुपारी आली. ढोलाला मी नवी पानं घातली हुती, करकरीत. मनात म्हनत हुतो, ऐक म्हनावं मास्तर आता, एक ठोका गळतोय का बग.

नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला न्यायचं हुतं. दुपारचं ऊन. गल्ली अरुंद. पोरं नाचत हुती, नवरदेवाचा मामा घोड्याम्होरं नोटा ओवाळत हुता. मास्तर म्होरं, मी मागं. मी त्येच्या पाठीकडं बगून जीव तोडून वाजवत हुतो. एकेक ठोका घडी घातल्यावानी. मास्तरनं लांब सूर धरला, वर नेला, आन् वर नेऊन तितंच सोडला.

ट्रंपेट खाली आलं. मास्तर मागं वळला. वरातीत मास्तर मागं वळत न्हाई, कवाच न्हाई. तोंडावरनं घाम गळत हुता, मिशीचा रंग ओठावर उतरला हुता.

म्हनला, "भैऱ्या, जरा थांब रं. ढोल बंद कर."

मी टिपरू खाली घेतलं. माझं बगून ताशा थांबला, दस्तगीर थांबला. नवरदेवाचा मामा वराडला, "ए, काय झालं? वाजवा की!"

मास्तर म्हनला, "आरं बंद कर म्हनलं न्हवं?"

"बंदच हाय, मास्तर."

"न्हाई. वाजतंय."

मी दोन्ही हात वर करून दावले त्येला. टिपरू हातात, ढोलापासनं लांब. म्हनलं, "बग की. कुठं वाजतंय?"

त्येनं माझ्या हाताकडं बगितलं. मग ढोलाच्या पानाकडं बगितलं. मग हळूच आपला हात आपल्या छातीवर ठेवला, जसा पैल्यांदाच ठेवतोय आसा. आन् माझ्या डोळ्यात बगितलं. पोरी, त्येचं तोंड मी आजून इसरलो न्हाई. भ्या न्हवतं त्येच्यावर. लई दिसांचा सावकार दारात उभा दिसावा आन् मानसानं त्येला वळखावं, तसं कायतरी. त्येला कळलं हुतं. मला न्हाई. मला वाटलं, ऊन लागलं.

म्हनला, "मग तू गाळत न्हवतास व्हय रं."

आन् खाली बसला. मी ढोलासकट वाकलो, त्यो माझ्या ढोलाला टेकला, पाठ लावून. कुनीतरी पानी आनलं. घोड्यावरनं नवरदेव इचारत हुता, काय झालं, काय झालं. बॅंडाच्याच गाडीत घातला त्येला, त्या पाटीच्या गाडीत. दवाखाना यायच्या आधी रेल्वे फाटक लागतं. फाटक बंद हुतं. मालगाडी गेली, लई लांबडी. ती जाईपतुर मी त्येचं डोकं मांडीवर धरून बसलो हुतो. फाटक उघडलं तवा घाई करायचं कारन उरलं न्हवतं.

लगीन थांबत न्हाई. अण्णानं दुसऱ्या गावचा बॅंड बोलवला.

वैनी रडली न्हाई लवकर. मानसं येऊन गेल्यावर तिनं मला जवळ बोलवलं. म्हनली, "भावजी, एक इचारू? आषाढात तुमी रातीचा ढोल वाजवत हुता का घरी?"

मी म्हनलं, "न्हाई. का?"

"हे म्हनायचे, भैऱ्या झोपत न्हाई बग, ढोल वाजवतोय. मला तर काय ऐकाय यायचं न्हाई."

आन् तितं, पोरी, तितं माझ्या डोक्यात गिरनी उभी ऱ्हायली. सतरंजी. मॅडम. मास्तर ताठ बसलाय, म्हनतोय, आत्ता जाणवतंय की, भैऱ्याचा ढोल. आन् मी कड्याला तेल लावतोय. कशाच्या कड्याला? त्या ढोलाला पानच न्हवतं! दोन्ही अंगानं उघडा, हिकडनं बगितलं तर तिकडचं भिताड दिसत हुतं. त्येच्यातनं ठोका कुठनं येनार? आन् समदे त्येच्या भवतीच बसलो हुतो. अण्णा हुता, दस्तगीर हुता. मी तर त्येला हात लावून बसलो हुतो. आन् भांडलो कशावरनं, तर माझा ठोका गळत न्हाई म्हनून.

उन्हाळ्यात ती मॅडम परत आली. दुसऱ्या फेरीला, म्हनली, तेच प्रश्न परत इचारायचे. गिरनीत बसली, तशीच खाली. नावं वाचाय लागली. "सिद्राम जावीर?"

अण्णानं दाराकडं बगितलं. तिला वाटलं, भाईर गेल्यात. म्हनली, "थांबते मी. पहिला नंबर होता ना त्यांचा."

दस्तगीर, ज्येच्या तोंडाला कवा कुलूप न्हवतं, त्यो उठून भाईर गेला. अण्णानं सांगितलं तिला. तिनं हातातले कागद खाली ठेवले. मग मला म्हनली, "काका, ते ढोलाचं बोलले होते ना... ठोका गळतो म्हणून. मी ते लिहिलं नाही. त्याला कागदावर जागाच नव्हती. चारातलं एक लिहायचं होतं, मी कायम लिहिलं."

मी म्हनलं, "बरोबरच लिवलंस बाई. कायमच हुतं त्ये."

रडली ती. मी तिला पानी दिलं. तिला तरी काय बोलायचं? त्येनं खरंच सांगितलं हुतं, तिनं खरंच लिवलं हुतं. त्या गिरनीत कुनी खोटं बोललंच न्हाई त्या दिवशी. आन् मानूस गेला.

ढोल मी तवाच उतरवला. अण्णाला म्हनलं, मला खुळखुळा दे. अण्णा म्हनला, "भैरू, तुला काय झालंय? धडधाकट हायस." मी म्हनलं, दे. बॅंड बंद पडंपतुर खुळखुळाच हालवला मी. पोरं हिसकावून पळाली, तर पळू दिली. वैनी भावाकडं कर्नाटकात गेली. गेली तवा त्यो डबा माझ्या दारात ठेवून गेली. त्यो बग, फळीवर हाय. त्येच्यात मी काय ठेवत न्हाई.

तर तुजा प्रश्न. धडधड हुती का?

पोरी, रातीला ह्या घरात मी एकटा आसतो. भिताडाला टेकून बसतो. आडवं पडवत न्हाई आलीकडं. आन् धाड, धाड, आसं कायतरी वाजत आसतं. मधीच एक गाळल्यासारखं वाटतं. आता त्यो माझा ढोल हाय, इतकी वर्सं पोटाला बांधलेला, का मास्तर तितनं ठोकतोय, का ह्यो मीच हाय, मला कळत न्हाई. कधीच न्हाई कळलं मला आतलं. त्या मॅडमच्या कागदावर तसंच लिवलंय.

म्हनून म्हनतो, आत्ता काय लिवू नगं. पेन ऱ्हाऊ दे खाली. तुजा हात दे. हितं, बंडीच्या आत ठेव, लाजू नगं, नातीवानी हायस. जरा दाबून ठेव. आन् गप ऐक.

वाजतंय का, आन् गळतंय का, तेवडं तू सांग मला.